हातावर पाणी घालता घालता

"नाटकात नाव बदललं ना मी, मावशी! गाव बदललं. मेंढीची बकरी केली."

"बकरी केली म्हून काय झालं? बोलणारी मीच हाय ना! अख्खं गाव मोबाईलवर बघून राहिलं."

"लोकांना आवडलं गं."

"माझी अब्रू आवडली व्हय? नर्मदीला बारा वर्सं नुसता शक होता. आता? तीन दिवस झाले, मेंढी धरायला आली न्हाई ती."

चांगुणामावशी माझ्या आईची थोरली बहीण. जवळा बाजार गावाच्या पुढे घर, दोन एकर सोयाबीन, तीसेक मेंढ्या. अंगण एकच, समोरचं दार धाकट्या जावेचं, नर्मदाबाईचं. दोघींचा बारा वर्षं अबोला. पण व्यालेली मेंढी कोकराला जवळ घेईना, की एकीनं मेंढी धरायची, दुसरीनं कोकरू आचळाला लावायचं. एकटीनं होत नाही. मग बोलणं मेंढीशी.

"सांग गं हिला, मान घट धर म्हणावं."

"हिलाच म्हणावं, आधी हात धू."

मेंढी बिचारी दोघींचे टोमणे ऐकत उभी.

हिंगोलीच्या स्पर्धेत माझ्या एकांकिकेतल्या या प्रसंगाला लोक पोट धरून हसले. मी त्यावरच थांबले असते तर बरं झालं असतं.

गेल्या दिवाळीत शेंगा फोडता फोडता मावशीनं अबोल्याचं मूळ मला सांगितलं होतं. हट्टा गावचे पाहुणे आधी तिच्या मिनाला बघून गेले आणि नाही म्हणाले. महिन्यानं तेच नर्मदाबाईच्या अंजलीला बघायला आले. जेवणाआधी त्यांच्या हातावर पाणी घालता घालता मावशी हळूच म्हणाली, "पोरीला फेफरं येतं, बरं का." येत नव्हतं. पाहुणे ताटावर न बसताच गेले. सांगून झाल्यावर मावशीनं माझं मनगट धरलं होतं. "कुनाला बोलू नको, पोरी."

मी ते जसंच्या तसं रंगमंचावर बोलवून घेतलं. तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. राजाचा खून दाखवला तर लोक टाळ्या वाजवतात; जावेचं खोटं दाखवलं की आपापल्या पायाकडे बघतात. नंतर चार बायका मला गाठून म्हणाल्या, "आमच्या घरातलं तुला कुनी सांगितलं गं?" त्या दिवशी मी हवेत होते. मनगटाची आठवण मला झाली नव्हती असं नाही. झाली होती.

"तू सांग तिला," मावशी आता हळू आवाजात म्हणाली, "की ते तुझ्या मनाचं हाय. तेवढं कर."

तेवढ्यात दारात नर्मदाबाई उभी राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं या उंबऱ्याच्या आत पाय टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"अक्का, त्या दिवशी पाणी तुमीच घालत होत्या. ही पोरगी नाटकात दाखवून राहिली ते खरं हाय का?"

"काकू, ते मी रचलेलं आहे," मी घाईनं म्हणाले. माझाच आवाज मला खोटा लागला. इतकी वर्षं आवाज लावायला शिकले, आणि इथे नेमका फुटला.

"तुला न्हाई इचारलं, बाई. तुझं कामच हाय ते." मग जावेकडे वळून, अगदी शांतपणे, "भांडायला न्हाई आले, अक्का. अंजलीला काय सांगू, तेवढं सांगा. ती अजून सोताचंच काहीतरी चुकलं म्हनती."

मावशीनं पदर डोक्यावर ओढला, उठली, आणि जावेच्या अंगावरून अनवाणीच बाहेर निघून गेली.