घोडीचा पाचवा पाय

मी फौजदार असताना तंजावूरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बांधलेली ती घोडी आजही आठवते आणि हसू आवरत नाही.

तक्रारदार आमच्याच मराठी मंडळींपैकी, गणिताचे निवृत्त मास्तर. शर्यतीतून बाद झालेल्या एका घोडीत त्यांनी दलालाकडून चौथा हिस्सा घेतला होता. पळणारी घोडी स्वतःच्या चाऱ्याचा खर्चही क्वचितच काढते. मालकाची खरी आशा शिंगरावर, आणि शिंगराचा भाव त्याच्या बापाच्या खानदानावर. इथे बाप नावाजलेला होता. पण शिंगरू झालं आणि दलाल फोन उचलेना.

"नारळाची बाग विकून पैसे घातले, साहेब. घरी ठाऊक नाही. शिंगरू गेलं तर मी घरात तोंड कसं दाखवू?" मास्तर म्हणाले.

दलाल घोडी आणि शिंगरू लॉरीत घालून पळतोय, अशी खबर आली. तिरुवैयारूच्या पुलावर नाकाबंदी करून तिघांनाही ठाण्यात आणलं. पंचनामा चालू असताना घोडीने हवालदाराची टोपी चावली.

चौकशीत दलाल थंड. "सर, मी मास्तरांना काल विकला. काल म्हणजे पाय. पुढचा उजवा. शिंगरू काय पायातून होतं?"

तमिळमध्ये काल म्हणजे पाव हिस्सा, आणि पायही कालच. व्यवहार सगळा तोंडी. नोकरीत भलभलते बचाव ऐकले होते, पण या पठ्ठ्याने माझं डोकंच फिरवलं.

ठाण्यात घोडी आल्याची बातमी गावभर झाली. दुपारपर्यंत आणखी तिघे "माझा काल" म्हणत हजर.

"बघा सर, चार पाय, चार मालक," दलाल हसला.

इतक्यात रिक्षातून एक बाई उतरल्या आणि थेट दलालावर धावून गेल्या. "माझा काल कोठे रे?"

मी दलालाला घोडीपुढे उभं केलं. "यांचा पाचवा पाय दाखव."

 त्याने पाच जणांना पाव-पाव हिस्सा विकल्याचं कबूल केलं.

मास्तर तोवर घोडीच्या आडोशाला लपले होते. बाईंनी त्यांना ओढून काढलं. त्या मास्तरांच्या पत्नी. पेन्शन पुरत नाही म्हणून त्यांनीही गुपचूप बांगड्या मोडून एक काल घेतला होता.

दलालावर फसवणुकीचा गुन्हा लागला. पुढे शिंगरू चांगल्या भावाने गेलं, मास्तरांची बाग परत आली. पट्टा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, मात्र बाईंच्या नावावर झाला.

एकाच घरात दोनदा माल खपवायला दलालाला अक्कल लागली नाही. नवराबायको एकमेकांपासून लपवत होते, तेवढं पुरलं. त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक तक्रारदाराला मी पहिल्यांदा विचारायचो, घरी सांगितलंय का?

मास्तर अजून भेटतात. म्हणतात, बागेत माझा एक काल तरी आहेच.

"आहे की," बाई म्हणतात. "पाय ठेवण्यापुरता."