कडूबाच्या मळ्यातली मांडणी

कडूबाला एकच खोड होती, शेजारच्या पडीक रानाची चिंता. नांदुऱ्याजवळच्या त्याच्या वांग्याच्या मळ्याला लागून एक बेवारस वावर होतं. ना कुंपण, ना राखण. रानडुकरं दिवसभर तिथं निवांत लोळायची आणि रात्री कडूबाची वांगी उकरायची. "ज्याले धनी नाही, त्या वावराचा शेजार वाईट," असं तो भेटेल त्याला सांगायचा. लोक हसायचे.

हसणाऱ्यांनी मोतीरामचं ऐकायला हवं होतं. कडूबाचा हा एकुलता लेक फौजेत; नागा टेकड्यांवरून सुट्टीवर आला होता. "बाबा, डोंगरापल्याड ब्रह्मदेश हाय. पन त्या जंगलात त्याइच्या सरकारचा शिपाईबी नाही. बंदूकवाले इकडं येऊन गोळ्या झाडतात आन् तिकडं जाऊन भाकर खातात. आमाले त्याइच्या मांगं जाता येत नाही."

कडूबाला आपलं पडीक रान आठवलं. डुकरांजवळ निदान बंदूक नव्हती.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीरामला परतायचं होतं. एरवी त्या सकाळी कडूबा भेंडवळला घटमांडणीचं भाकीत ऐकायला जाई. तिथं धान्याच्या ढिगल्या रात्रभर वावरात ठेवतात आणि उजाडल्यावर त्यांवरून वर्षाचं भविष्य सांगतात. करडई म्हणजे फौज, मसूर म्हणजे शत्रू. यंदा लेकाला सोडून तिकडं कोण जाणार? मग कडूबानं आदल्या संध्याकाळी आपल्याच मळ्यात मांडणी केली. पाऊसपाणी त्याला विचारायचंच नव्हतं. दोनच ढिगल्या, एक करडईची, एक अख्ख्या मसुरीची. मसूर जागेवर राहिली तर शत्रू गप्प, पांगली तर घात. सकाळपर्यंत मळ्यात पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं बायकोला, सत्यभामाबाईला, बजावलं.

उजाडताच तो धावला. करडई जशीच्या तशी. मसूरही जागेवर, उलट कालच्यापेक्षा गोल. कडूबाचा जीव भांड्यात पडला. हात जोडून वाकला आणि तसाच थांबला. काळपट मसुरीत केशरी डाळ दिसत होती. अख्ख्या मसुरीची एका रात्रीत डाळ होत नाही. ती घरच्या डब्यातूनच येते.

म्हणजे मसूर पांगली होती, आणि तो यायच्या आधी कोणीतरी ती भरून ठेवली होती.

सत्यभामाबाई बांधावर उभी होती, पदर दातात धरून. तिच्यावर ओरडावं असं त्याला वाटलं. पण पांगलेली मसूर तिनंही पाहिली होती, हे कळून तो स्वतःच घाबरला.

ट्रंक खांद्यावर घेऊन मोतीराम आला. "काय म्हनते बाबा तुमची मसूर?"

"जागेवर हाय." कडूबा ढिगलीच्या आड येऊन उभा राहिला. "एक दाना हालला नाही. जाय बिनघोर."

मोतीराम दोघांच्या पाया पडून एसटीकडे निघाला. तो वळणाआड गेल्यावर सत्यभामाबाई मटकन खाली बसली आणि गवतात पांगलेले दाणे वेचू लागली. दाणे थेट पडीक रानापर्यंत गेले होते. तिच्याशेजारी बसून कडूबाही वेचू लागला.