भोंग्यावर घेतलेलं नाव

पिरंगुटच्या कारखान्यात मी कायम झालो त्या वर्षी माझ्या डोक्यात हवा गेली. ऐंशीच्या मागचं-पुढचं साल असेल. त्याआधी मी कासार आंबोलीतला एक साधा शेतकऱ्याचा पोरगा होतो, चिखलात वाकून भात लावणारा. कायम झाल्यावर मी टेरिलीनचे दोन शर्ट शिवून घेतले, मनगटावर घड्याळ बांधलं आणि घरातसुद्धा 'न्हाई'च्या ऐवजी 'नाही' म्हणायला लागलो. आई म्हणायची, "ह्यो आता घरात बी सायबावानी बोलतुया." मला ते कौतुक वाटायचं. ती टोमणा मारत होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या मे महिन्यात पुण्यातल्या एका मैदानावर आनंदमेळा लागला होता. आकाशपाळणा, गोल फिरणारे लाकडी घोडे, आरशांचा तंबू, पोरांची झुकझुक गाडी. कारखान्यातले पुण्याचे लोक जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच गोष्टी करायचे. मीही एक दिवस छाती पुढे काढून सांगितलं की येत्या सुट्टीला आपणही जाणार. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आधी घाबरली आणि मग दोन दिवस कामं करता करता आपल्याशीच हसत राहिली. आम्हाला दोन मुली, थोरली सात वर्षांची आणि धाकटी चार. धाकटीनं गोठ्यात जाऊन म्हशीला सांगितलं की आमी पाळण्यात बसणार हाय, तू न्हाई.

निघायच्या दिवशी बायकोनं ठेवणीतलं हिरवं नऊवारी काढलं. फडक्यात दशम्या आणि लसणाची चटणी बांधली, पितळेचा फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून घेतला. मी चिडलो. म्हणालो, हे सगळं कशाला, तिथे सगळं मिळतं. ती म्हणाली, "पोरं भुकेजली म्हंजी? तितं काय मिळंल न मिळंल." बस येईपर्यंत मी तोंड वाकडं करून उभा राहिलो.

मैदानाच्या फाटकाशी पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे पुण्यातल्या बायका पाचवारी साड्यांत, हातात पर्स घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यात माझी बायको, डोक्यावर पदर, काखेत फडक्याचं गाठोडं. नव्या चपला चावल्या म्हणून तिनं त्या काढून हातात घेतल्या होत्या. धाकटीनंही आईचं बघून आपल्या चपला काढल्या आणि गाठोड्यात कोंबल्या. मला माझ्या बायकोची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मी फार वर्षं घेतली आहेत, तेव्हा ते सरळच लिहितो. मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालायला लागलो. तिला वाटलं, मी गर्दीतून वाट काढतोय. ती पोरींना सांगत होती, "आबांच्या मागं मागं चला गं, त्यास्नी समदं ठावं हाय."

आम्ही आकाशपाळण्यात बसलो. पाळणा वर गेला तशी धाकटी माझ्या शर्टाला घट्ट धरून बसली आणि बायकोनं डोळे मिटून घेतले. खाली आल्यावर तिघी खदाखदा हसत होत्या आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ मीही सगळं विसरलो होतो. मग झुकझुक गाडीची रांग लागली, लांबलचक. तांब्यातलं पाणी संपलं होतं. बायकोनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तेवढं पानी बगता का?" मी तांब्या घेऊन निघालो.

नळ आइस्क्रीमच्या स्टॉलमागे होता. पाणी भरून वळतो तर समोरून आडनावानं हाक आली. आमच्या पाळीचे साहेब, त्यांची बायको आणि दोन मुलं टेबलाशी बसली होती. साहेबांनी खुर्ची ओढली, बसा म्हणाले. मी तांब्या पटकन खुर्चीखाली सरकवला आणि पायांनी आड केला. साहेबांच्या बायकोनं विचारलं, "एकटेच आलात? फॅमिलीला नाही आणलं?"

मी म्हणालो, "नाही, मंडळी गावीच आहेत. त्यांना गर्दी सोसत नाही. मी मित्रांबरोबर आलोय."

इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी माझ्यासाठीही आइस्क्रीम मागवलं. साहेब कारखान्यात माझ्याशी दोन वाक्यंही बोलत नसत, इथे ते माझ्या नव्या मशीनबद्दल विचारत होते. मी फुशारून गेलो. रांग लांब आहे, गाडीचा नंबर यायला अर्धा तास लागेल, असा हिशोब मनात करून मी चमच्यानं आइस्क्रीम खात बसलो.

मेळ्यात एका खांबावर भोंगा लावला होता. गाणी चालायची आणि मधूनमधून एक माणूस हसतखेळत काहीबाही सांगायचा. गाणं थांबलं आणि तो म्हणाला, "एक मुलगी हरवली आहे. वय वर्षं चार, अंगात पिवळा फ्रॉक, पायात काही नाही." मग त्यानं नाव सांगितलं. ते माझ्या धाकटीचं होतं.

फाटकाबाहेर लगेच मोठा रस्ता होता, ट्रक धावत होते. मी उठायला हवं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं की ती माझी मुलगी आहे. पण मग मंडळी गावी आहेत म्हणालो त्याचं काय? मी बुड उचललं आणि परत टेकवलं. मनाची समजूत घातली की सापडेल, जाते कुठे, तिथेच असेल घोड्यांपाशी. साहेबांची बायको म्हणाली, "अरेरे, कुणाची असेल हो?" मी चमच्यानं आइस्क्रीम ढवळत राहिलो.

भोंगा बंद झाला नव्हता. त्या माणसाचा आवाज पुन्हा आला, पण आता तो आमच्याशी नाही, कुणा बाईशी बोलत होता. "मिस्टर बरोबर आहेत ना? मग त्यांना बोलावू. नाव सांगा त्यांचं." मग काहीच नाही. "अहो बाई, नाव सांगा. नावाशिवाय कुणाला बोलावू मी? लाजताय काय, घ्या नाव."

आमच्याकडे त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. लग्नात कंकण सोडताना बायकांनी अडवलं तेव्हा माझ्या बायकोनं पदराआडून एक उखाणा म्हटला होता, तेवढंच. सात-आठ वर्षांच्या संसारात माझं नाव तिच्या तोंडून दुसऱ्यांदा आलं नव्हतं. गुरुजींनी थोरलीचं नाव शाळेत घालताना विचारलं तेव्हाही तिनं शेजारणीला सांगायला लावलं होतं. तो माणूस 'नाव घ्या' म्हणाला आणि तिला नाव घ्यायची एकच रीत माहीत होती.

भोंग्यातून तिचा आवाज आला. रडून घसा बसलेला होता, तरी तिनं अक्षर न् अक्षर नीट म्हटलं. "करवंदीच्या जाळीला काट्यांचं कुंपण," मग माझं नाव, त्याला राव लावून, "नाव घेते, सोडा आता कंकण."

सगळ्या मैदानात हशा पिकला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "वा, वा! अहो राव, असाल तिथून या, बाईंनी नाव घेतलंय." साहेबही हसले. मला म्हणाले, "तुमच्या बाजूच्या दिसतात." माझं नाव घरटी एकाचं असतं आणि कारखान्यात मला सगळे आडनावानंच ओळखत. मी सुटलो होतो. मी हसून म्हणालो, "असेल कुणी आडगावची."

मी हसलो. चार वर्षांची पोर हरवलेली, तिची आई हजार माणसांपुढे तोंड उघडून मला बोलावतेय, आणि मी दात काढून हसलो. त्या हसण्याला मला आजवर कुठलीच सबब सापडलेली नाही. मी गरीब होतो म्हणून नाही, अडाणी होतो म्हणून नाही, कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली होती म्हणूनही नाही. समोर बसलेल्या दोन माणसांना मी बरा वाटावा, एवढ्यासाठी.

हसली नाही ती साहेबांची बायको. तिनं हातातलं आइस्क्रीम खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हसताय काय? ती बाई रडतेय. चला, आपण तरी शोधू या." साहेब खरंच उठले. मला म्हणाले, "तुम्ही त्या घोड्यांकडे बघा." ज्यांच्या भीतीनं मी बसून राहिलो होतो, तीच माणसं माझ्या मुलीला शोधायला निघाली.

मी घोड्यांकडे धावलो, तिथून आरशांच्या तंबूकडे, तिथून फाटकाकडे. रस्त्यावर पिवळं काही दिसतंय का ते बघितलं. परत भोंग्याच्या खोपटाकडे आलो तर लांबूनच धाकटी दिसली. एका भेळवाल्यानं तिला आणून दिली होती. बायकोनं तिला कडेवर घेतलं होतं, थोरली तिच्या पदराला धरून उभी होती. आणि साहेबांची बायको आपल्या रुमालानं धाकटीचं नाक पुसत होती.

मी पुढे गेलो नाही. तंबूच्या कनातीमागे थांबलो. पोर सापडल्यावरही थांबलो. साहेबांच्या बायकोनं माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी विचारलं, बायकोनं मान हलवून नाही म्हटलं आणि गर्दीत सगळीकडे नजर फिरवली. ती मला शोधत होती. ते लोक जाईपर्यंत मी कापडाला पाठ लावून उभा होतो.

मग मी गेलो. म्हणालो, "किती शोधलं तुम्हाला." बायकोनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "एक बाई लई चांगली व्हती. माज्यापाशी उबी ऱ्हायली." तांब्या मी त्या खुर्चीखालीच विसरून आलो होतो. तिनं विचारल्यावर सांगितलं की नळावर कुणी उचलला.

परतीच्या बसमध्ये दोघी पोरी आमच्या मांडीवर झोपल्या. चांदणी चौक मागे पडला तशी बायको हळूच म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नगा." मला वाटलं, तिला कळलं.

ती म्हणाली, "पोर हरवली तवा मी तुमचं नाव घेतलं. भोंग्यावर. समदी मान्सं हसली. मला दुसरं काय सुचंना. तुमी ऐकलं न्हाई ना?"

मी म्हणालो, "न्हाई." साहेबासारखं बोलणारा मी, त्या वेळी माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला लई लाज वाटली. तुमचं नाव असं चारचौघांत." आणि तिनं माझी माफी मागितली. मांडीवरच्या पोरीला न हलवता, हात जोडून.

त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्यातला कायम झालेला कामगार मोठ्या मनाचा होऊन बोलला, "असू दे. पुन्यांदा नको."

तिनं मान डोलावली आणि तिचा जीव भांड्यात पडला. पिरंगुट येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत निवांत बसली होती.

पुढे धाकटीचं लग्न झालं. दारात मांडव, पाहुण्यांनी घर भरलेलं. व्याह्यांकडच्या बायकांनी माझ्या बायकोला उंबऱ्यात अडवलं, नाव घ्या म्हणून. तोवर काळ बदलला होता, आमच्या गावातल्या सुनासुद्धा नवऱ्याला नावानं हाक मारायला लागल्या होत्या. बायकांनी फार आग्रह केला. मी पानसुपारीचं तबक घेऊन चार हातांवर उभा होतो. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि हसून त्यांना म्हणाली, "न्हाई बाई. ह्यांना न्हाई आवडत."

बायका माझ्याकडे वळल्या. कसले हो तुम्ही जुन्या वळणाचे, म्हणाल्या. मी तबक हातात घेऊन त्यांच्यापुढे हसलो.