मोतीबाईची काठी आणि लापशीचा हंडा

आखाडा बाळापूरच्या पुढे, माळाच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा होता. त्यात मोतीबाईची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. तिच्या राखणीतून हंडा कुणी नेलेला नव्हता.

ज्या घरी वर्षभरात मुलगा झाला असेल, त्या घरी होळीला त्याची धुंड व्हायची. अंगणात खुंटा पुरायचा, लापशीचा हंडा त्याला बांधायचा, बायकांनी काठ्या घेऊन तो राखायचा आणि पुरुषांनी लुटायचा. बायकांनी मारायचं, पुरुषांनी खायचं, आधी मार आणि मग लापशी. पोराला उदंड आयुष्य मिळावं म्हणून बापाला आणि काकांना बदडण्याची ही रीत बाहेरच्यांना चमत्कारिक वाटे. तांड्यातल्या बायकांना ती अगदीच सयुक्तिक वाटायची.

मोतीबाईचा नवरा किसनसिंग याची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच होळीत तो हंड्याला हात घालायला गेला होता. त्यानंतर संसार सुखाचा झाला.

त्या काळी होळी म्हणजे आठवडाभराचं काम. हट्ट्याकडच्या, वऱ्हाडातल्या लेकी गाड्या जोडून यायच्या, जावई मागून यायचे आणि लंगडत परत जायचे. पुढे मोतीबाईचा एकुलता मुलगा भावसिंग हिंगोलीला कापसाच्या जिनात लागला आणि घरात सुधारणा सुरू झाली. पहिल्या साली तो म्हणाला, "याडी, काठ्यांना चिंध्या गुंडाळा. सुजलेलं तोंड घेऊन कामावर गेलं की मुकादम हसते." याडी म्हणजे आई, सगळा तांडाच तिला याडी म्हणे. तांड्यातलं बोलणं गोरमाटीतलं, इथे ते आपल्या सोयीने मराठीत.

चिंध्या आल्या. मग बांबू जाऊन तुराट्या आल्या. तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली आणि साखर गुळासकट महाग होऊन हंड्याचा गडू झाला. शेवटी एका होळीला पुरुष पत्रावळी घेऊन ओळीने बसले आणि बायकांनी त्यांना वाढलं. कुणाला मार पडला नाही. मोतीबाई ते पाहून घरात जाऊन झोपली. "जेवणच करायचं तर होळी काहून पाहिजे?" एवढंच ती बोलली.

लढाई संपली त्याच्या पुढच्या साली भावसिंगला, चार मुलींनंतर, मुलगा झाला. नाव ठेवलं धर्मसिंग. मोतीबाईने अडगळीतून जुना हंडा काढून घासला आणि सुनेला, म्हणजे पारुबाईला, सांगितलं, "माझ्या नातवाची धुंड खरी होईल. लुटीचं खाल्लं न्हाई तर ती धुंड नव्हं, अन् मी पुढली होळी पाहीन का न्हाई, कुणाला ठावं?"

पारुबाई घाबरली. सासूची हाडं आता वाळल्या शेंगांसारखी झालेली. तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने पुरुषांना गाठून समजावलं: नुसते ओरडा, जवळ जाऊ नका, म्हातारी दमली की मागून खाऊ.

होळीच्या सकाळी मोतीबाई खुंट्याशी उभी राहिली. पुरुषांनी आरोळ्या तर अशा ठोकल्या की शेजारच्या तांड्यातली कुत्री धावून आली. पण पुढे येईना कुणी. अखेर सगळ्यांनी ढकललेला एक दांडगा गडी चार पावलं आला. मोतीबाईने काठी उचलली, आणि तो धाडकन पडला.

"काहून पडला रे?"

"लागलं ना, याडी."

"मी अजून मारलंच न्हाई."

गडी उठून बसला आणि भावसिंगकडे पाहू लागला. भावसिंग आभाळाकडे पाहू लागला. मोतीबाईने दोघांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

तिने काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता ही झोपायला जाणार. पारुबाईने तर पत्रावळी आणायला पोरी पाठवल्या. म्हातारीने शांतपणे हंड्याची गाठ सोडली, हंडा काखेत मारला आणि पळत सुटली.

हंडा राखणारीनेच तो पळवावा, असं कधी घडलं नव्हतं. त्यामुळे काय करावं, हे कुणालाच सुचेना. गोठ्याच्या कोपऱ्यावर मोतीबाईच थांबली आणि वळली.

"पारू, हंडा चालला. पाहून काय राहिली?"

पारुबाईच्या हातात काठी होती. हंडा नेणाऱ्याला मारायचं, ही रीत होती. आणि नेणारी सासू होती. असा योग सुनेच्या जन्मात सहसा येत नाही. तिने पदर खोचला.

गोठ्याला वळसा, शेळ्यांच्या मधून, किसनसिंगच्या बाजेवरून (किसनसिंग बाजेवर होता), पुन्हा अंगणात. तिथे पारुबाईने गाठलं आणि खांद्यावर एक फटका दिला. चिंधी केव्हाच गळून पडली होती. तो फटका गरजेपेक्षा जरा मनापासून बसला, असं तांड्याचं मत पडलं.

"आता कसं," म्हणून मोतीबाईने हंडा पुरुषांकडे फेकला.

मग कुणाला काही आठवलं नाही, समजावणं नाही की मुकादम नाही. पुरुष हंड्यावर पडले आणि बायका पुरुषांवर. भावसिंगच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. बाजेवरचा किसनसिंग वाकडी करंगळी सांभाळत मधे घुसला आणि मूठभर लापशी घेऊन निसटला. इतक्या वर्षांतली ती त्याची पहिली लूट. त्यातलं बोटभर त्याने नातवाच्या ओठाला लावलं.

दुपारी पारुबाई सासूच्या खांद्याला गरम तेल चोळत बसली होती.

"जास्त लागलं का, याडी?"

"लागलं."

पारुबाईने तळहातावर आणखी तेल घेतलं. मोतीबाईने खांदा हलवून पाहिला.

"पुढल्या साली अंमळ खाली मार," ती म्हणाली. "त्या हातानं मला काठी धरायची हाय."