डोळे मिटून केलेली मागणी

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास शहापुरात आम्हा ख्रिस्ती लोकांची चार घरे होती. त्यातले एक माझे, आणि त्यात मी एकटीच. मी मिशनच्या शाळेत मास्तरीण होते. रविवारी दुपारी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थना होई. त्यासाठी उपदेशक मुरबाडहून बैलगाडीने येत. गाडीतून ते थेट स्वर्गातून आल्यासारखे उतरत. कोटाला तेवढा पेंढा चिकटलेला असे.

जवळचे म्हणावे असे माणूस एकच, दवाखान्यातल्या सुईणमावशी. प्रार्थनेनंतर मी त्यांच्याकडे जेवत असे. एकदा जेवताना बोलून गेले, "म्हातारपणी मला पाणी कोण देईल, याची भीती वाटते."

पुढच्याच रविवारी उपदेशकांनी डोळे मिटले. "हे प्रभू, म्हातारपणी पाणी कोण देईल, अशी भीती बाळगणारी तुझी एक मुलगी इथे बसली आहे. तू तिच्यासाठी वर पाठवलास, पण तिचे हृदय कठीण आहे…"

वर म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याला मी दोनदा नकार कळवला होता.

चालू प्रार्थनेत कुणी मध्ये बोलायचे नाही, अशी आमच्यात रीत. माझ्याशी बोलले असते तर उत्तर दिले असते. ते देवाशी बोलत होते आणि ऐकवत मला होते. मी मोठ्याने "आमेन" म्हटले. सवयीने सगळ्यांनीच म्हटले. उपदेशक वाक्याच्या मध्यात अडकले.

"बाई, प्रार्थना संपली नव्हती."

"माझ्यापुरती संपली."

"प्रभूनं मला स्वप्नात दाखवलंय."

"त्याला माझं घर ठाऊक आहे, साहेब. मुरबाडवरून वळसा कशाला घालील?"

कुणीतरी खुदकन हसले आणि लगेच खोकले.

दुसऱ्या दिवशी मावशी शाळेच्या ओट्यावर आल्या. बसल्या नाहीत.

"तुझं ते पाण्याचं बोलणं मीच सांगितलं गो त्यांना. म्हणाले, प्रार्थनेला लागतंय. आता माफी माग. नायतर तुझ्याकडं जायचं नाय, तुला जेवायला बोलवायचं नाय, असं सांगून गेलेत सगळ्यांना."

"आणि तुम्ही?"

"माझा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा हाय गो."

शुभवर्तमानात ख्रिस्त एका श्रीमंत तरुणाला सगळे विकून आपल्यामागे यायला सांगतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. ख्रिस्ताचे त्याच्यावर प्रेम होते, तरी त्याने त्याला जाऊ दिले. मागे माणसे धाडली नाहीत, चारचौघांत त्याच्यासाठी गळा काढला नाही. त्या रविवारपासून कुणी देवाचे नाव घेऊन आग्रह धरला की मी एवढेच पाहते, नाही म्हटल्यावर हा माणूस मला जाऊ देतो का.

माफी मी मागितली नाही. पुढच्या रविवारी पाळी माझ्या घरची होती. सतरंजी अंथरली, दार उघडे ठेवले. बरीच वाट पाहून एकटीनेच स्तोत्र उघडले. आमच्याकडे एक ओळ प्रार्थना चालवणारा वाचतो, दुसरी जमलेली मंडळी. मी दोन्ही वाचल्या. मावशींना अक्षर लावायला वेळ लागे, म्हणून मंडळीची ओळ नेहमी सावकाश संपायची. मीही ती तशीच, सावकाश वाचली.