जीपवरची नारिंगी रेघ

माझ्या भावाने पस्तिशी ओलांडली तरी तो मोटारींशी खेळतो, असं आमच्या पाहुण्यारावळ्यांत बोललं जातं. बोलणाऱ्यांच्या नादी मी आता लागत नाही. पूर्वी मीही त्यांच्यातलीच होते. यशपाल सोलापुरात वीज कंपनीच्या बिल विभागात नोकरीला आहे. सकाळी डबा घेऊन सात रस्ता चौकाकडे जातो, संध्याकाळी घरी येतो. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाद एकच, खोक्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग मागवायचे आणि त्यातून वीतभर मोटार उभी करायची.

त्या खोक्याला किट म्हणतात. आत प्लॅस्टिकच्या दांड्यांना लटकलेले ढीगभर तुकडे असतात. दारं, टप, चाकं, आरसे, तांदळाच्या दाण्याएवढ्या मुठी. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे, फटी पुट्टीने बुजवायच्या आणि मग बोटभर फवाऱ्याने रंग मारायचा. बाकीचे लोक खोक्यावरचं चित्र बघून तशीच गाडी करतात म्हणे. आमच्या साहेबांना ते पटत नाही. तो परदेशी गाडीचं किट आणतो आणि तिची सोलापूरची गाडी करून टाकतो. एका जपानी गाडीची त्याने लग्नातली गाडी केली होती. बोनेटवर शेवंतीचे हार, मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं, ती वाचायला मला चष्मा पुसावा लागला. दुसऱ्या एकीला त्याने मुद्दाम गंज चढवला आणि डाव्या दाराला पोचा पाडला. चांगल्या गाडीचं वाटोळं का केलंस विचारलं, तर म्हणाला, आपल्या रस्त्यावर बिनपोच्याची गाडी दाखव.

लग्न झाल्यावर हा नाद सुटेल अशी माझी खात्री होती. त्याची बायको कीर्ती नातेपुत्याची, शेतकऱ्याच्या घरातली, कामाला वाघ. ती ही खोकी माळ्यावर फेकून देईल म्हणून मी वाट बघत होते. झालं उलटंच. महिन्याभरात ती त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागली. जुन्या चादरीच्या चिंध्या कापून छोट्या छोट्या सीटला कव्हर शिवायला लागली. शिवाय चिमटा तिच्या हातात असायचा, आणि त्याचं कारण सांगायला हवं.

यशपाल राहतो त्या घराच्या खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग आहेत. दिवसभर सुताचा भुगा हवेत उडत असतो. जिन्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या पातेल्यावरसुद्धा बसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण ओल्या रंगावर एक तंतू बसला की यशपालचं आठवड्याचं काम वाया. म्हणून रंग मारायच्या खोलीच्या खिडक्यांना त्याने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती, दाराखाली ओला टॉवेल, पंखा बंद. ऐन मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, नवरा-बायको त्या खोलीत घाम गाळत बसायचे, आणि इतकं करूनही आत शिरलेला तंतू कीर्ती चिमट्याने अलगद उचलायची. मी त्यांना सरळ वेडे म्हणायचे.

आता आमच्या वडिलांबद्दल. त्यांचं नाव सिद्राम, आम्ही आण्णा म्हणायचो. अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये ते ट्रक आणि जीपना फवाऱ्याने रंग मारायचे. शेडला सगळीकडून गोणपाटाचे पडदे, कारण वाऱ्याबरोबर धूळ आली की ओला रंग खराब. संध्याकाळी ते घरी यायच्या आधी त्यांचा वास यायचा, गोडसर, डोक्यात चढणारा, आणि यशपाल आणि मी दाराकडे पळायचो. आण्णांचा खरा नावलौकिक होता तो रेघेसाठी. रंग वाळला की बारीक ब्रश घेऊन ते गाडीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी रेघ ओढायचे. पट्टी नाही, दोरी नाही.

पन्नाशीच्या आतच त्यांचे हात थरथरायला लागले. आधी रेघ गेली, मग काम गेलं. पुढे चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. आई भरवायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, आम्हाला दिसू नये म्हणून. आमच्या आजोबांचेही हात म्हातारपणी कापायचे, तेव्हा हे आमच्या रक्तातच आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं. मला काही झालं नाही. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, सुईत दोरा अजून एका फटक्यात जातो. मग हे दुखणं आमच्या घरात फक्त पुरुषांना धरतं अशी मी माझी समजूत करून घेतली. आण्णा गेले, आई गेली, आणि मी यशपालच्या हातांकडे बघायचंच टाळू लागले.

गेल्या वर्षी त्याने आण्णांनी रंगवलेली शेवटची गाडी करायला घेतली. चन्नवीर नावाच्या माणसाची जीप, माणसं कोंबून अक्कलकोटला वडाप मारणारी. टपावरचा कॅरियर, मागची शिडी, काचेवर स्वामींचं नाव, सगळं झालं. राहिली होती फक्त रेघ.

एका दुपारी तो ऑफिस सोडून माझ्या दुकानात आला. माझ्या कापडाच्या टेबलावर त्याने उजवा हात पसरून ठेवला. बोटं हलत होती. खालच्या मागांनी टेबल हलतंय म्हणावं, तर माझ्या दुकानाखाली माग नाहीत.

"आक्का," तो म्हणाला, "आण्णांचा हात आला."

मी त्याच्या हातावर ब्लाउजचं कापड टाकलं. खरंच टाकलं, दिसू नये म्हणून. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. कीर्तीला दिवस गेले होते, चौथा महिना. इतकी वर्षं तो मूल नको म्हणत होता आणि का म्हणतोय हे तिला सांगत नव्हता. आता ते मूल येणार होतं आणि आण्णांचा हात घेऊन येणार होतं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नको म्हणाला. डॉक्टर त्या दुखण्याचं नाव सांगेल, आणि नाव कळलं की कीर्तीला सांगावं लागेल.

डॉक्टरऐवजी त्याने स्वतःच एक परीक्षा काढली होती. रोज संध्याकाळी जीपवर रेघ ओढून बघायची. सरळ आली तर हात चांगला. ती यायची नाही. मग फडकं रंग पातळ करायच्या थिनरमध्ये भिजवून रेघ पुसायची, खालचा रंगही निघून यायचा, म्हणून परत फवारा, परत रंग, आणि दुसऱ्या दिवशी परत रेघ. रोज थोडी जास्तच वाकडी यायची. त्याचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही, आणि हे सगळं तो भीतीच्या खात्यावर टाकत होता. मीही तेच केलं. मला रात्री झोप येईना. मुलगी व्हावी म्हणून मी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आले, कारण मुलगी झाली तर सुटेल. मुलगी मागणारी त्या दिवशी तिथे मी एकटीच असेन.

मग एक दिवस कीर्ती माझ्याकडे आली. जीपच्या सीटची चार इवलीशी कव्हरं तिने पुढे ठेवली आणि म्हणाली, तुम्ही शिवून द्या, माझ्या डोळ्यांना हल्ली बारीक दिसत नाही. मला हसू आलं. पोटुशीचे चोचले म्हणून मी तिला चिडवलं आणि निदान सुईत दोरा तरी ओवून दे म्हणून सुई हातात दिली. दोरा सुईच्या इकडून गेला, तिकडून गेला. तिने हात मांडीखाली दाबला.

"कवापासून?" मी विचारलं.

"दोन म्हयनं झालं असतील, आक्का. ह्यांना सांगू नका. ह्यांच्या डोक्याला आदीच लई घोर हाय, कशाचा ते सांगत न्हाईत."

अशक्तपणा असेल, असं मी तोंडाने म्हणाले. तिला लाडू दिला, रस्त्यापर्यंत सोडून आले. परत येऊन मशीनवर बसले आणि पाय चालेना. यशपालचा हात आण्णांकडून आला असेल, पण कीर्तीचा कुणाकडून आला? ती नातेपुत्याची, आमच्या रक्ताचा थेंबही तिच्यात नाही. मग या दोघांत सारखं काय? एक घर, एक ताट आणि ती एक खोली.

रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. दार लोटलं तर लोटेना, खाली ओला टॉवेल होता. खांदा लावून ढकललं आणि तो वास तोंडावर आला. गोडसर, डोक्यात चढणारा. इतक्या वर्षांनी मला क्षणभर खरंच वाटलं की आण्णा आले. मला आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते, पण झाला. समोर माझा भाऊ तोंडाला कोरोनातला कापडी मास्क बांधून बसला होता, डोळे लाल, हातात फवारा. शेजारी स्टुलावर कीर्ती, पोट सावरून, हातात चिमटा.

मी सरळ आत घुसले. खिडकीकडे गेले आणि चिकटपट्टी नखांनी ओढायला लागले.

"आक्का, रंग वला हाय," यशपाल ओरडला.

पट्टी निघाली, खिडकी उघडली. मागांचा आवाज आणि भुगा एकदमच आत आला. मी थिनरचा डबा उचलून त्याच्या नाकाखाली धरला.

"ह्यो वास वळख. आण्णांच्या सदऱ्याचा हाय का न्हाय? हात रक्तातनं न्हाय आला तुझ्याकडं. ह्या डब्यातनं आलाय. आन् तिचा बी बघ."

कीर्तीने हात लपवायच्या आत त्याने तो धरला. तिचा हात कापत होता, त्याचाही कापत होता, त्यामुळे कुणाचा किती ते कळेना. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. इतकी वर्षं मानगुटीवर बसलेलं भूत उतरलं होतं. पण त्याचं तोंड पांढरं पडलं आणि त्याची नजर तिच्या हातावरून तिच्या पोटावर गेली.

"आक्का," तो हळू म्हणाला, "मग आतल्यानं किती घेतलं असंल?"

त्याच संध्याकाळी मी दोघांना, तो डबाही घेऊन, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी थिनरचा डबा बघितला, खोलीबद्दल विचारलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बंद खोलीत महिनोन् महिने ही वाफ घेतली तर हात थरथरू शकतात, डोकं दुखू शकतं, हे त्यांनी सांगितलं. आण्णांचं आता काही सांगता येणार नाही म्हणाले. बाईला आजच्या आज तिथून हलवा, आणि बाळाचं, तपासण्या करत राहू, वाट बघू.

कीर्तीला मी माझ्या घरी आणलं. यशपालने फवारा, डबे, रंग सगळं देऊन टाकलं. जीप तेवढी माझ्या दुकानाच्या कपाटात आहे. त्या दिवशीचा भुगा तिच्या रंगात कायमचा अडकलाय, आणि रेघ नाहीच. थोड्या दिवसांनी कीर्तीचा हात थांबला, सुईत दोरा जायला लागला. यशपालचाही बराचसा थांबला. पण वाट बघणं काही थांबलं नाही. सोनोग्राफी चांगली आली की तो एक दिवस जेवायचा, दुसऱ्या दिवशी परत घाबरा व्हायचा. फोटोत हात दिसतात, हात थरथरताना दिसत नाहीत, असं म्हणायचा. मी त्याला रागवायचे आणि आत जाऊन स्वतः रडायचे. आम्ही रक्ताला घाबरत होतो तेव्हा निदान दोष कुणाचा नव्हता. आता तो रात्रंदिवस स्वतःलाच खात होता.

मुलगा झाला. माझी मेणबत्ती फुकट गेली. बाळ रडलं, वजन चांगलं भरलं, कीर्ती बरी होती. सिस्टरने त्याला कापडात गुंडाळून यशपालकडे आणलं. कापड सैल झालं आणि बाळाचा उजवा हात बाहेर आला. मूठ उघडली, आणि तो हात थरथरायला लागला. हनुवटीसुद्धा.

यशपाल मागे सरकला तो भिंतीला टेकला. सिस्टरला काही कळेना. तिने आमच्या तोंडांकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि तिच्या लक्षात आलं.

"अहो, असं लई बाळांचं होतंय की," ती म्हणाली. "हात धरून बगा. धरला की थांबतंय. डॉक्टरांनी बगितलंय त्याला, भ्यायचं काम न्हाय."

यशपाल भिंतीपासून सुटायला तयार नव्हता. शेवटी मी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट बाळाच्या तळहातावर नेऊन ठेवलं. बाळाने बोट मुठीत धरलं. थरथर थांबली.

"आता सोडा," सिस्टर म्हणाली, "परत सुरू झालं तरी आपोआप थांबतंय, तेबी बगा."

त्याने सोडलं नाही. बाळाला दूध पाजायची वेळ झाली, सिस्टर घ्यायला आली, कीर्ती आतून हाक मारत होती. तरी तो तिथेच उभा होता, बोट बाळाच्या मुठीत ठेवून. सुटलं तर काय दिसेल, या भीतीने.