दोन तालुक्यांतलं डार्क मॅटर

विज्ञानावर बोलत गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे ज्ञान किती साठतं, ते मला विचारू नका. किस्से मात्र घरात धूळ साठावी तसे साठतात. झाडायला घ्यावेत तर आणखी उडतात!

आमची टीम तिघांची. मी, बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेला. वैशाली मॅडम, इंदापूरकडे फिजिक्सच्याच प्राध्यापक आणि आमच्यातल्या एकमेव डॉक्टर. तिसरे पोपटराव, माझे जुने लॅब अटेंडंट. व्हॅन त्यांची, प्रोजेक्टर त्यांचा आणि तोंडाचा पट्टाही त्यांचाच. रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर देवळाच्या सभामंडपात ताडपत्र्या लावायच्या, अंधार करायचा आणि कृष्णविवर, डार्क मॅटर, डार्क एनर्जी सांगायची. दोन्ही तालुक्यांत कुठंही बोलवा, आम्ही हजर!

फक्त वरकुटे सोडून. ते मॅडमचं माहेर.

झालं होतं असं. आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात त्यावरून त्यांचं वजन काढलं, तर ते दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतं. हे जास्तीचं, न दिसणारं जे काही आहे, ते डार्क मॅटर. मॅडमनी पीएचडीसाठी कित्येक वर्षं तेच शोधलं. त्यांचे वडील, आप्पा, दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारायचे, "सापडलं का?" शेवटी डिग्री मिळाल्याचं सांगायला मॅडमनी फोन केला, तर पलीकडून आप्पा ओरडले, "सापडलं म्हन की!" आणि पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवून पेढे आणायला गेले. सगळ्या गावात वाटले.

आता खरी गोष्ट अशी, की मॅडमनी सिद्ध केलं होतं ते वेगळंच. डार्क मॅटरचे कण जिथं असतील असा अंदाज होता, तिथं ते नाहीत, हे! विज्ञानात हे चांगलं भक्कम काम समजतात. पण वाटलेले पेढे परत कसे मागायचे? आप्पांना खरं सांगायचं मॅडमच्या जिवावर आलं होतं. म्हणून वरकुट्याचं नाव निघालं, की मॅडमना त्या रविवारी हमखास काहीतरी काम निघायचं.

*

कऱ्हाटीला मॅडम डार्क मॅटर समजावत होत्या. म्हणाल्या, "समजा, तुम्ही ट्रॉलीत ऊस भरला. डोळ्याला दिसतोय पाच टन. काट्यावर नेला तर भरला तीस टन! म्हणजे ट्रॉलीत न दिसणारं काहीतरी असणार की नाही?"

पुढच्या रांगेतले एक आजोबा सावरून बसले. "पोरी, ह्यो काटा कुठल्या कारखान्याचा?"

"आबा, हे नुसतं उदाहरण आहे."

"असू दे की! आमी जन्मभर काटा मारल्याला बघितला. वाढवून देनारा काटा कुठं असंल, तर यंदाचा ऊस तिकडंच!"

कार्यक्रम संपल्यावर तिघंजण पोपटरावांना बाजूला घेऊन त्या काट्याचा पत्ता विचारत होते. पोपटरावांनी गंभीर चेहऱ्यानं आकाशाकडे बोट दाखवलं आणि व्हॅन सुरू केली.

*

इंदापूरजवळच्या एका गावानं आमच्यासाठी स्टेजमागं लावायला मोठा फ्लेक्स करून घेतला. मी कृष्णविवराचा तो प्रसिद्ध फोटो पाठवला होता, भोवती नारिंगी कडं आणि मध्ये काळा गोल. जाऊन बघतो तर त्या काळ्या गोलात सरपंचांचा हसरा फोटो!

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मधी जागा मोकळीच व्हती. वाया कशाला घालवायची?"

सरपंच खूश होते. आपल्या फोटोभोवती एवढं तेज याआधी कुणी दिलं नव्हतं. पण मॅडमचं व्याख्यान सुरू झालं आणि लाईट गेली. प्रोजेक्टर बंद. मॅडम डगमगल्या नाहीत. ताडपत्र्या वर करायला लावल्या, छडी घेतली आणि त्या फ्लेक्सवरच शिकवायला लागल्या. छडीचं टोक बरोबर सरपंचांच्या नाकावर!

"या मधल्या भागातून प्रकाशसुद्धा बाहेर येऊ शकत नाही."

मागून आवाज आला, "मॅडम, प्रकाशाचं ऱ्हाऊ द्या, हितनं निधीबी भाईर येत न्हाय!"

हसता हसता मंडप पडायची वेळ आली. सरपंचही हसले, थोडं उशिरानं.

*

डार्क एनर्जीवर मी बोलतो. फुग्यावर ठिपके काढायचे, फुगा फुगवायचा, ठिपके एकमेकांपासून लांब जाताना दाखवायचे. विश्व असंच प्रसरण पावतंय आणि त्याचा वेग वाढतोय, असं सांगायचं. माझा हातखंडा प्रयोग! टाळ्या ठरलेल्या.

एका गावात टाळ्यांच्या जागी एक तात्या उठले. "गुरुजी, सगळीकडनं सारखंच वाढतंय म्हनता?"

"हो."

"मंग आमचा बांध दरसाल माज्याच अंगाला का सरकतोय?"

मॅडमनी माईक घेतला. "तात्या, जिथं गुरुत्वाकर्षणानं सगळं घट्ट धरून ठेवलंय, तिथं हे प्रसरण चालत नाही. आपली पृथ्वी, आपली जमीन, सगळं जागच्या जागी राहतं. बांध सरकला असेल तर तो माणसानंच सरकवलाय."

तात्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्या रांगेत होते. ते चपला शोधायला लागले. तात्यांनी हे शास्त्रीय मत आमच्याकडे लेखी मागितलं, मोजणीच्या अर्जाला जोडायला!

*

कृष्णविवराजवळ वेळ सावकाश चालते, हे समजावणं सगळ्यात अवघड. एका ठिकाणी ते आपोआप झालं. आमच्या आधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण होतं, दहा मिनिटांचं. पाहुणे सुरू झाले आणि थांबेचनात. तासाभरानं माझी पाळी आली. मी म्हणालो, "अशी एक जागा आहे, जिथं वेळ पुढं सरकतच नाही."

पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "ठावं हाय. आत्ताच समदी जाऊन आलो!"

*

सुप्याला बोअर मारण्याच्या धंद्यात केस पांढरे झालेले एक गृहस्थ भेटले. कृष्णविवराच्या मध्यभागी काय असतं, ते मॅडम सांगत होत्या. सगळं वस्तुमान एका बिंदूत दाबलं जातं, त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, वगैरे. जमिनीखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगण्यात यांचा जन्म गेलेला. त्यांना राहवेना.

"तिथं खरं काय हाय?"

"तिथं आमची समीकरणं चालत नाहीत."

"मंजी?"

"म्हणजे तिथं काय आहे, ते आम्हाला माहीत नाही."

गृहस्थ उठून सरळ स्टेजवर आले. माईक घेतला. "मंडळी, ह्या स्टेजवर आजवर लय मोठी मानसं आली. 'मला ठावं न्हाय' म्हननारं पयलंच मानूस बघितलं! ह्यांचा सत्कार पुन्यांदा करा!"

आमच्याकडे सत्काराला कोण नाही म्हणणार? दुसरी शाल, दुसरा नारळ. मॅडमचा दोनदा सत्कार झाला. माझा एकदाच, हे मी विसरलेलो नाही.

परतताना पोपटरावांनी विषय काढलाच. "मॅडम, हितं बिनधास्त ठाऊक न्हाय म्हनला. मंग वरकुट्याला काय अडतंय?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "परक्या गावात सोपं असतं हो, पोपटराव. वरकुट्याला माझ्या बापानं पेढे वाटलेत."



*

आणि मग वरकुटे. आप्पांनी परस्पर पोपटरावांना फोन केला आणि पोपटरावांनी परस्पर तारीख देऊन टाकली! मॅडम दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण आल्या.

गावात शिरतानाच फ्लेक्स. "डार्क मॅटर शोधून काढल्याबद्दल आमच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!" मॅडमनी तो वाचला आणि डोळे मिटून घेतले. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आप्पा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालकानं जाहीर केलं, "आता ताई आपल्याला ते सापडलेलं दाखवतील!"

मॅडम उठल्या. इतक्या गावांत त्यांना ऐकलं, पण आवाज कापताना पहिल्यांदाच ऐकला.

"मला ते सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जिथं असेल असं वाटत होतं, तिथं ते नाही, एवढंच मी दाखवलंय. आप्पा, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

मग मागून कुणीतरी उभं राहून म्हणालं, "मंग आप्पा, पेढं कशाचं वाटलं व्हतं?"

लोक हसले. मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू! आप्पा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. आप्पा म्हणजे गावचे जुने वायरमन. सगळी नोकरी या भागातल्या खांबांवर चढण्यात गेलेली. ते मागं वळले.

"तुज्या मळ्यातली लाईट गेली की मी काय करायचो रं?"

"खांब तपाशीत यायचा."

"पयल्याच खांबाव फॉल्ट घावायचा?"

"न्हाय. कवा कवा धा-धा खांब चढायचा तुमी."

"मंग घावला न्हाय म्हनून घरी जाऊन झोपायचो व्हय?"

तो माणूस खाली बसला. आप्पा लेकीकडे वळले. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आप्पांच्या तोंडावर कामाच्या माणसाची घाई होती.

"किती खांब झालं तुजं?"

"एक, आप्पा."

"ऱ्हायलं किती?"

"माहीत नाही."

"मंग हितं सत्कार घेत काय बसलीयस? चा पी आनि लाग कामाला!"